सरपणाला छप्पर द्या

पावसाळ्यात मांडवगडला गर्दी होते ती ढग बघायला. इंदूर, देवास, धारहून गाड्या भरून माणसं येतात, जहाज महालाच्या गच्चीवर उभी राहतात, एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव भरलेला बघून खूश होऊन परततात. त्याच दिवसांत धार जिल्ह्यातल्या भिल वस्त्यांमध्ये घरांच्या कौलांतून धूर झिरपत असतो. उन्हाळ्यातल्या धुरापेक्षा हा वेगळा दिसतो. दाट, पांढरट, जमिनीलगत रेंगाळणारा. चुलीपुढे बसलेल्या बाईचा अर्धा वेळ फुंकणीत जातो आणि उरलेला डोळे पुसण्यात. लाकूड पेटत नाही, कारण ते ओलं आहे. ते ओलं आहे, कारण ते ठेवायला घरात जागा नाही. या साध्या गोष्टीची कुठल्याही सरकारी योजनेत नोंद नाही आणि ती व्हायला हवी, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

गॅस घरोघरी पोचला असताना लाकडाची चर्चा कशाला, असं शहरातल्या वाचकाला वाटू शकतं. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. तिच्यातून आजवर 10 कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या आणि ते काम खरोखरच मोठं आहे. पण जोडणी मिळणं वेगळं आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर होणं वेगळं. 2019-20 मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकानं वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरून घेतले. अनुदान वाढलं तसा हा आकडा 2024-25 मध्ये साडेचारच्या आसपास आला. पाच-सहा माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक आणि वरचं पाणी तापवणं गॅसवर करायचं तर वर्षाला आठ-दहा सिलिंडर लागतात. मधली तूट चूल भरून काढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातली सुमारे 80 टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. मध्य प्रदेशात हे प्रमाण होतं सुमारे 40 टक्के, तेही शहरं धरून. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. बाग, टांडा, कुक्षीकडच्या वस्त्यांवर किंवा देवास जिल्ह्यात बागली, उदयनगरच्या डोंगरपट्ट्यात गॅसची शेगडी फळीवर असते, पाहुणे आले की चहाला पेटते. भाकरी चुलीवरच होते.

हे चुकीचं आहे, बदलायला हवं, याबद्दल वाद नाही. पण बदल पूर्ण होईपर्यंतचे दहा-पंधरा पावसाळे कोणाच्या तरी छातीत जाणार आहेत.

ओलं लाकूड चुलीत काय करतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. बाभळीचं मनगटाएवढं फाटं निखाऱ्यावर सरकवलं की पहिली काही मिनिटं ज्वाळ दिसतच नाही. कापलेल्या टोकाशी बारीक बुडबुडे येतात, फेस धरतो, सूं सूं आवाज होतो. झाड उभं असताना मुळांतून पाणी वर चढायचं त्याच बारीक नळ्यांतून आता वाफ बाहेर पडते. साल मात्र कोरडीठाक राहते, कारण पाणी लाकडात आडवं फारसं हलत नाही, उभं धावतं. हीच गोष्ट उलटीकडूनही खरी आहे. पावसाचं पाणी लाकडात शिरतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. म्हणून सरपणाची चळत रचताना टोकं झाकली तरी बरंच काम होतं.

जोवर हे पाणी उडून जात नाही, तोवर लाकडाचा आतला भाग पाणी उकळण्याच्या तापमानापुढे जात नाही. लाकडातून जळणारे वायू सुटायला त्याच्या दुपटी-तिपटीनं ताप लागतो आणि ते वायू पेटायला त्याहूनही जास्त. मधल्या अवस्थेत वायू सुटतात पण पेट घेत नाहीत. न जळता बाहेर पडलेलं ते इंधन म्हणजेच धूर. हिशेब करून पाहिला तर निम्मं पाणी असलेल्या लाकडातली साधारण सातवा हिस्सा उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते. हे नुकसान तसं थोडं. खरं नुकसान होतं ते आग थंड पडल्यानं. लाकूड दीडपट-दुप्पट लागतं, भाकरीला वेळ लागतो, आणि चुलीपुढची बाई तेवढा जास्त वेळ त्या धुरात बसते.

घरगुती धुराकडे जगानं उशिरा पाहिलं. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर धूर मोजणारी उपकरणं बसवली, तेव्हा प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी असंच समीकरण होतं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. त्यात लहान मुलं आहेत, न्यूमोनियानं गेलेली.

लाकूड आणि पाण्याच्या नात्याचा विचार धारनं फार पूर्वी केला आहे, तोही भलत्याच निमित्तानं. परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य करत होता. त्याच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात जहाजबांधणीचं प्रकरण आहे. समुद्रापासून इतक्या दूर, माळव्याच्या पठारावर, जहाजाला कुठलं लाकूड चालेल याची चर्चा झाली याचं नवल वाटतं. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 साली भारतीय नौकानयनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातला मोठा आधार याच ग्रंथाचा होता. ग्रंथकारानं लाकडाचे चार वर्ग पाडले आहेत. त्यांना नावं दिली ती त्या काळच्या रीतीप्रमाणे चार वर्णांची, ती आज खटकतात. पण वर्गवारीचा पाया निरीक्षणाचा आहे. हलकं आणि मऊ, हलकं आणि कठीण, जड आणि मऊ, जड आणि कठीण. हलकं पण कठीण लाकूड जहाजाला उत्तम, आणि भिन्न जातींची लाकडं एकत्र जोडली तर ते जहाज पाण्यात लवकर कुजतं, लहानशा धक्क्यानं फुटतं, असं तो सांगतो.

हीच दोन मापं, वजन आणि कठीणपणा, चुलीलाही लागू पडतात आणि ती गावातल्या प्रत्येक बाईला पाठ असतात. सावर, पांगारा ही हलकी लाकडं भसकन पेटतात आणि संपतात. बाभूळ, धावडा, खैर यांचे निखारे टिकतात. निमाड आणि खानदेशच्या कोरड्या जंगलातला अंजन तर इतका घट्ट की त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर सरळ तळाला जातो. सागाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, पाणी हजार किलो. म्हणून सागाचा ओंडका तरंगतो आणि त्याचा दोनतृतीयांश भाग पाण्याखाली असतो.

गंमत अशी की लाकडाचा मूळ पदार्थ, म्हणजे त्याच्या पेशींची भिंत, पाण्यापेक्षा दीडपट जड आहे. झाड कुठलंही असो. तरंगण्याचं श्रेय आत अडकलेल्या हवेचं. लाकूड पाण्यात पडलं की पाणी आधी पेशींच्या भिंतीत मुरतं, लाकूड फुगतं. वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी भिंतीत मावतं आणि तिथं फुगणं थांबतं. पुढचं पाणी पोकळ्यांत शिरतं, हवा हुसकावतं, आणि पुरेशी हवा गेली की ओंडका बुडतो. सुकताना क्रम उलटा. पोकळ्यांतलं पाणी भराभर जातं, भिंतीतलं चिवटपणे बसून राहतं.

ब्रह्मदेशातले जंगलवाले हे ओळखून होते. ताजा तोडलेला साग नदीत तरंगत नाही. म्हणून झाड तोडायच्या दोन-तीन वर्षं आधी त्याच्या बुंध्याभोवती सालीसकट खोल खाच पाडत, झाड उभ्या उभ्या मरे आणि वाळे, मग तोडून इरावतीत सोडत. असे सागाचे ओंडके वाहून नेण्याचा धंदा ज्या बॉम्बे-बर्मा कंपनीचा होता, तिच्यावर ब्रह्मी दरबारानं बसवलेल्या दंडाचं निमित्त होऊन 1885 साली इंग्रजांनी युद्ध केलं. राजा थिबाला पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 साली तो तिथंच वारला. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामागची ही हकीकत ओंडक्यांपाशी सुरू होते. इथं ती आठवायची ती एका तपशिलासाठी: व्यापाराला कोरडं लाकूड हवं होतं, म्हणून त्यानं दोन-तीन वर्षांची आगाऊ आखणी केली. घरच्या चुलीला फार तर एका उन्हाळ्याची आखणी पुरते, पण तीसुद्धा कोणी करू देत नाही.

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण कडेनं नर्मदा वाहते. नेमावर देवासचं, चिखल्दा आणि धरमपुरी धारची. नर्मदाकाठच्या गावांना पूर हे एक सरपणाचं साधन होतं. श्रावणात नदी वर चढली की डोंगरातनं उखडलेली झाडं, वाळलेल्या फांद्या, मोडक्या वाशांचे तुकडे वाहत येत. काठावरची मंडळी दोर आणि लांब काठ्या घेऊन ती ओढून काढत, पाण्याबाहेर उंचावर टाकून वाळवत. यात जीवही जात, पण मिळणारं लाकूड मोलाचं असे. पुराच्या पाण्यात वर तरंगत येतं ते आधीच वाळलेलं किंवा मुळात हलकं असतं. हिरवी, जड खोडं तळाशी लोटत जातात. म्हणजे नदी निवडून देत होती. असं वाहून आलेलं कोरडं लाकूड भिजलेलं दिसलं तरी पाणी त्याच्या पोकळ्यांत उथळच शिरलेलं असतं. पावसानं उघडीप दिली की ते लवकर वाळतं.

नंतर वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं उभी राहिली, खालून सरदार सरोवराचं पाणी चढलं. 2019 च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं तेव्हा धार जिल्ह्यातलं निसरपूर पाण्याखाली गेलं, चिखल्द्यातही पाणी शिरलं. वाहत्या नदीचा जलाशय झाला. पुनर्वसनाच्या हिशेबात घर धरलं जातं, जमीन धरली जाते, झाडंही मोजली जातात. दर पावसाळ्यात नदी फुकट आणून देत असलेलं सरपण कुठल्या रकान्यात बसणार? नव्या वसाहतीत गेलेल्या बाईला ते विकत घ्यावं लागतं किंवा दूरच्या टेकडीवरून आणावं लागतं.

शेतातलं जळणही बदललं. निमाडच्या अंगाला मनावर, कुक्षीकडे कापूस आहे, म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटी मिळते. पण पऱ्हाटी हलकी, आतून मऊ गराची, पाऊस लागला की पाणी शोषून घेते. माळव्याच्या पठारावर 1970 नंतर सोयाबीन पसरत गेलं आणि देवास-इंदूरचा सगळा पट्टा त्यानं व्यापला. ज्वारीचं धसकट, तुरीच्या तुराट्या यांवर चूल पेटायची तिथं सोयाबीनचं कुटार आलं, त्यावर भाकरी होत नाही. उरल्या गोवऱ्या. त्या तर लाकडापेक्षाही पावसाला भितात. सरपणाचा पुरवठा असा चहूकडून आटत गेला आणि भार जंगलातल्या मोळीवर आला.

मोळी आणणारी बाई डोक्यावर वीस-पंचवीस किलो घेऊन चालते. लाकूड ताजं तोडलेलं असेल तर त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणजे सात ते बारा किलो पाणी ती डोंगरातनं घरी वाहून आणते आणि चुलीत जाळून उडवते. तोडून तिथंच दोन महिने वाळवून मग आणायचं म्हटलं तर वाळलेली चळत दुसरं कोणी नेईल, किंवा वनरक्षक जप्त करेल. मध्य प्रदेशात निस्ताराची जुनी रीत आहे, जंगलालगतच्या गावाला घरगुती गरजेपुरतं जळण सवलतीत मिळावं अशी. 2006 च्या वनहक्क कायद्यानं काटक्याकुटक्या आणि खुंट गौण वनोपजांत धरले. पण हक्क कागदावर आणि मोळी आजच्या आज घरी नेलेली बरी, असा रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे जे लाकूड मार्चमध्ये तोडून मेपर्यंत खडखडीत वाळू शकलं असतं, ते जुलैत ओलंच चुलीत जातं.

पाऊस लागून भिजलेलं लाकूड आणि हिरवं लाकूड यांत मोठा फरक आहे. एकदा नीट वाळलेलं, फोडलेलं लाकूड सरीत भिजलं तर पाणी वरच्या थरात राहतं आणि दोन दिवसांच्या उन्हानं किंवा चुलीच्या उबेनं निघून जातं. हिरव्या ओंडक्यातलं पाणी काढायला महिने लागतात, ओंडका न फोडता सालीसकट ठेवला तर वर्षही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: वाळलेलं लाकूड माळव्याच्या काळ्या मातीवर थेट टेकवून चार महिने सोडून देणं. ती माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या लाकडाला पाजत राहते. बुरशी लागते, वाळवी लागते. लाकूड कुजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून तर जुन्या विहिरींच्या तळाशी बांधकामाखाली जांभळाच्या लाकडाची चौकट घालत. अंगणातली अर्धी भिजलेली चळत मात्र भाद्रपदापर्यंत निम्मी भुसभुशीत होते. तिचं वजन घटतं, म्हणजे इंधनच घटतं.

हे ज्ञान नवं नाही. धारच्या आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीच्या पवारांबरोबर अठराव्या शतकात जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांच्या वाड्यांत आणि एकूणच मराठी वाड्यांमध्ये पावसाळ्याची बेगमी हा गृहिणीच्या वर्षातला मोठा विषय असे. वैशाखात वखारीतून लाकूड येई, अंगणात फोडून वाळवलं जाई, आणि मृगाआधी ते जिन्याखालच्या किंवा मागल्या पडवीतल्या कोठीत जाई. चुलीसाठी जाड फाटी वेगळी, बंबासाठी ढलप्या वेगळ्या. वाड्याच्या नकाशात सरपणाची जागा ठरलेली असे. भिल घरातही ओटीवर किंवा माळ्यावर, चुलीच्या वर, काटक्या रचलेल्या असत. खालच्या उबेनं त्या आपोआप वाळत.

आता प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल बघा. नोव्हेंबर 2016 पासून सुरू असलेल्या या योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची स्वच्छ जागा त्यातच धरलेली. मैदानी भागात मदत 1 लाख 20 हजार रुपयांची. पक्क्या भिंती आणि वर सिमेंटचं सपाट छत, यानं साप-विंचवाचं, गळतीचं भय गेलं, हे कोणी नाकारू नये. पण माळा गेला, पडवी गेली, कौलांतून धूर निघायची वाट गेली. सरपण गेलं घराबाहेर, भिंतीला टेकून, वर प्लास्टिकचा कागद टाकून. कागद वाऱ्यानं फाटतो. कागदाखाली दमट हवा कोंडते आणि लाकूड आतून घामेजतं. शिवाय भिंतीलगतच्या त्या ढिगात मण्यार आणि विंचू आसरा घेतात, आणि पहाटे अंधारात त्यात हात घालणारी बहुधा बाईच असते.

धार जिल्ह्यातल्या बाग गावात लाकूड आणि पाण्याचा संसार किती नेटका होऊ शकतो ते दिसतं. 1962 च्या सुमारास तिथं येऊन स्थिरावलेल्या खत्री छिपांनी बाग प्रिंट जगभर नेली. इस्माईल सुलेमान खत्री यांचं नाव त्यात पहिलं घ्यावं लागतं. ठसे सागवानाचे किंवा शिसवीचे. नवा ठसा वापरण्याआधी कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवतात, म्हणजे रंगाचं पाणी आत शिरून तो फुगत नाही, तडकत नाही. छापलेलं कापड नदीच्या वाहत्या पाण्यात आपटून धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या हंड्यात, अलिझरीन आणि धायटीच्या फुलांबरोबर, तासन्‌तास उकळतात. खाली लाकडाची भट्टी. आच कमीजास्त झाली तर लाल रंग बिघडतो, म्हणून भट्टीचं लाकूड कोरडं लागतं, त्यात तडजोड चालत नाही. कापडाच्या रंगासाठी जी काळजी घेतली जाते, ती माणसाच्या फुप्फुसासाठी सरकारला घेता यायला हवी.

यावर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. सरपणासाठी छप्पर बांधणं म्हणजे चुलीला मान्यता देणं, गॅसकडे जाण्याची गती मंद करणं. कोरडं लाकूडही स्वच्छ इंधन नाही. उघड्या चुलीचा धूर कमी होतो, निरुपद्रवी होत नाही. सुधारित चुलींचा देशाचा अनुभवही सावध करणारा आहे. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम 1980 च्या दशकात मोठ्या गाजावाजानं सुरू झाला आणि 2002 मध्ये गुंडाळला गेला. ओडिशात रेमा हन्ना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षं केलेल्या अभ्यासात दिसलं की सुधारित चुलीचा फायदा पहिल्या वर्षानंतर विरून गेला, कारण चुली मोडल्या, धुराडी साफ झाली नाहीत, लोकांनी वापर सोडला.

पण या अनुभवाचा निष्कर्ष छपराच्या बाजूनंच जातो. नवी चूल द्यायची म्हणजे बाईला सवय बदलायला सांगायचं, दुरुस्ती शिकवायची. कोरड्या लाकडाला ना शिकवणी लागते, ना दुरुस्ती. ते कुठल्याही चुलीत बरं जळतं. पुण्याच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी 2002 साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला, त्यातही मर्म हेच आहे की जाळण्याआधी इंधनावर काम करा. राहिला चुलीला मान्यता देण्याचा प्रश्न. जिथं वर्षाला चार-साडेचार सिलिंडर जातात, तिथं चूल आहेच, कोणी मान्यता देवो वा न देवो. तिच्याकडे डोळेझाक केल्यानं गॅस वाढत नाही, धूर मात्र वाढतो.

आणखी एक हिशेब इथं करायला हवा. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्यापर्यंत जेवढी उष्णता पोचते तेवढी साध्या चुलीवर पोचवायला सुमारे दोनशे किलो वाळलं लाकूड लागतं. ओलं असेल तर त्याहून बरंच जास्त. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दोन सिलिंडर जादा सवलतीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, गावात आणून दिले, तर एका घरामागे चारशे किलो सरपण वाचतं, आणि तेही नेमक्या त्या दिवसांत जेव्हा ते सर्वात घातक असतं. आजचं अनुदान वर्षभर सारखं वाटलं जातं. माळव्यातल्या घराची गरज वर्षभर सारखी नसते. हाती पैसा असतो तो सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. जून-जुलैत बियाणं-खतात सगळं गेलेलं असतं आणि सिलिंडर भरायला हातात काही नसतं. छप्पर आणि पावसाळी सिलिंडर या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, त्या बरोबरच द्यायला हव्यात.

देवासला असं काम करून दाखवल्याचा इतिहास आहे. 1990 च्या सुमाराला या शहरात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. तोच जिल्हा 2006 नंतर शेततळ्यांसाठी ओळखला जाऊ लागला. उमाकांत उमराव तेव्हा जिल्हाधिकारी होते. शेतकऱ्यांना ‘भगीरथ कृषक’ म्हणत त्यांनी स्वतःच्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्यायला राजी केलं. मोठ्या तळ्यांना ‘रेवासागर’ हे नाव दिलं आणि काही वर्षांत हजारो तळी झाली. बागली तालुक्यात समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून पाणलोटाचं काम करते आहे, बायकांचे बचत गट तिनं उभे केले आहेत. प्रशासन आणि संस्था दोन्ही हाताशी आहेत, पाण्याचा प्रत्येक थेंब मोजायची सवय जिल्ह्याला लागलेली आहे. त्याच काटेकोरपणे, चुलीत जाणारं पाणी रोखायचं आहे.

खर्च किती? रोज चार किलो सरपण धरलं तर चार महिन्यांना 480 किलो. वेड्यावाकड्या फाट्यांची चळत घनमीटरला तीनशे किलोच्या आसपास बसते, म्हणजे दीड घनमीटरहून थोडी जास्त जागा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच रचली की झालं. चार खांब, वर पुढे झुकलेला पत्रा, जमिनीपासून हातभर उंच दगडी किंवा लाकडी तळ, म्हणजे खालून ओल चढणार नाही आणि सापाला दडायला जागा उरणार नाही. नैऋत्येची बाजू बंद, बाकी मोकळ्या, वारा खेळायला. घराच्या भिंतीपासून वावभर दूर. गावातल्या रोजगाराच्या सरकारी कामांतून शेळ्यांसाठी आणि गाईंसाठी गोठे बांधून मिळतात, त्याच यादीत ही एक ओळ घालायची आहे. नव्या घरकुलाच्या नकाशात ती पडवी म्हणून काढता येईल, आधी झालेल्या घरकुलांना वेगळी जोडता येईल.

दुसरं काम वनखात्याचं. निस्ताराचं जळण देण्याचा काळ फेब्रुवारी-मार्च असावा, आणि तोडलेलं लाकूड गावाच्या ठरावानं नेमलेल्या जागी मेअखेरपर्यंत वाळत ठेवण्याची लेखी मुभा असावी. ते जप्त होणार नाही एवढी हमी मिळाली की बायका ते वाळवूनच आणतील. त्यांना ओल्या मोळीचं वजन डोक्यावर घ्यायची हौस नाही.

तिसरं, मोजमाप. धार आणि देवासच्या आरोग्य केंद्रांत लहान मुलांच्या श्वसनविकारांची नोंद दर महिन्याला होते. जिथं सरपणाची छपरं आणि पावसाळी सिलिंडर पोचले अशी पन्नास गावं आणि जिथं नाही अशी पन्नास गावं निवडून दोन पावसाळे तुलना करायला जिल्हा प्रशासनाला वेगळा निधी लागणार नाही. फरक दिसला तर योजना राज्यभर न्यावी, नाही दिसला तर तसं जाहीर करावं. सुरुवात बाग, कुक्षी आणि बागली या तीन भागांतून व्हावी आणि पहिल्या छपरांचं काम ग्रामसभेच्या ठरावानिशी एप्रिलमध्ये हाती घ्यावं, म्हणजे पत्रे बसेपर्यंत लाकूडही वाळलेलं असेल.